काळोखातील शिल्लक

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडून पडले, आणि श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या घरात त्या सायंकाळी जो काळोख मुक्कामाला आला, तो आषाढ लागला तरी हलला नाही.

त्या दिवसांत भ्रमणध्वनी ही चैन राहिली नव्हती. मुंबईतील मुलाला आपले कुशल कळविण्याचे तेवढे एकच साधन होते, आणि म्हणून त्यातील विजेची शिल्लक मी दुष्काळातील पाण्यासारखी जपली. पॉवर बँकेवर १०,००० मिलिअँपिअर-तास असे छापलेले असले, तरी आतील ३.७ व्होल्टचे ५ व्होल्ट होताना आणि काही ऊर्जा उष्णतेत जाताना प्रत्यक्ष हाती सुमारे ६,५०० च पडतात, हा हिशेब मला तेव्हा उमगला. रेंज नसली की फोन मनोरा शोधण्यातच अधिक वीज खर्ची घालतो; सबब दिवसभर तो बंद ठेवावा, आणि सायंकाळी टेकडीवर चढून दहा मिनिटे सुरू करावा, अशी तजवीज केली.

आळीतील टेम्पोवाल्याने रोज इंजिन चालू ठेवून साऱ्यांचे फोन भरून दिले. डिझेलचे पैसे त्याने कोणाकडूनही घेतले नाहीत. ते ऋण मी विसरणार नाही.

वाचकहो, मृग लागण्यापूर्वी आपली पॉवर बँक पूर्ण भरून ठेवा, आणि अधूनमधून तपासत जा. कपाटात नुसती पडून राहिली तरी ती हळूहळू रिकामी होते.