फवारणी झाली, आता कॅलेंडर काढा



आजचा विषय बोलायला जरा अवघड आहे. ढेकूण. घरात उंदीर झाले तर आपण शेजारी जाऊन पिंजरा मागतो, झुरळं झाली तर दुकानात मोठ्यानं खडू मागतो. ढेकूण झाले की मात्र आवाज खाली जातो. मागच्या मे महिन्यात आमच्या दोन खोल्यांत पेस्ट कंट्रोल करून घेतलं, तेव्हा पंप घेऊन आलेल्या माणसाला सासूबाईंनी दारातच मोठ्यानं विचारलं, "मुंग्यांचंच औषध ना हो?" तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला.

तो दीड तासात काम आटोपून गेला. खरं काम त्यानंतर सुरू झालं आणि ते दोन महिने चाललं. त्याबद्दलच सांगते, कारण फवारणी कशी करावी हे सगळे सांगतात, नंतर काय करावं हे फारसं कुणी सांगत नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या. ढेकणाचं अंडं जेमतेम १ मिमी असतं. पांढरट, आणि फटीत चिकटवलेलं. बहुतेक औषधांचा अंड्यावर फारसा परिणाम होत नाही. आपल्याकडच्या उकाड्यात ते ६ ते १० दिवसांत फुटतं. म्हणून फवारणीनंतर आठवड्याभरानं एखादं पिल्लू दिसलं की "परत झाले, पैसे पाण्यात गेले" असं म्हणू नका. ते परत आलेलं नाही, अंड्यात होतं म्हणून वाचलेलं आहे. मोठं व्हायला त्याला पाच वेळा कात टाकावी लागते आणि दर वेळी आधी रक्त प्यावं लागतं. म्हणजे त्याला बाहेर यावंच लागतं. आणि बाहेर येताना ते फटीतल्या, कडेच्या वाळलेल्या औषधावरून चालत येतं. सगळी गंमत इथेच आहे!

यावरून तीन गोष्टी ठरतात. दुसरी फवारणी साधारण १० ते १५ दिवसांनी हवीच, त्यामुळे पैसे ठरवतानाच दोन्ही फेऱ्यांचे ठरवा आणि लिहून घ्या. दुसरं, औषध वाळलं की फिनाईल घालून घर लख्ख पुसायची आपल्याला जी घाई असते ती आवरा. लहान मूल रांगत असेल तर मधली फरशी जरूर पुसा, ओटा आणि भांडी धुवा, पण भिंतीच्या कडा आणि पलंगाचे सांधे सांगितले तितके दिवस तसेच राहू द्या. तिसरी गोष्ट ऐकून आमच्या घरात सगळ्यांनी तोंड वाकडं केलं. खोली उघडून, हवा खेळवून, सांगितलेला वेळ गेला की झोपायचं पूर्वीच्याच जागी. आपण भीतीनं बाहेरच्या खोलीत अंथरूण घातलं तर उपाशी ढेकूण माणसाच्या मागे तिकडे जातो. ढेकूण काही महिने उपाशी राहू शकतो, त्यामुळे पलंग रिकामा ठेवून तो मरेल ही आशा सोडा.

पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. चादर, मच्छरदाणी जमिनीला टेकता कामा नये. ढेकणाला उडता येत नाही, त्याला पायावरून चढूनच यावं लागतं. म्हणून पलंगाच्या पायांखाली वाट्या ठेवायची जुनी पद्धत चांगली आहे. वाटीत साबणाचं थोडं पाणी घाला आणि दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर ढेकूण जायचे आणि डास यायचे.

कपड्यांचं म्हणाल तर साबणापेक्षा उष्णता महत्त्वाची. ज्यांना चालेल अशा चादरी, अभ्रे कढत पाण्यात भिजवा. साधारण ६० अंशांच्या पाण्यात ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. गादी नुसती गच्चीवर टाकून मात्र फार उपयोग होत नाही. वरचा कापूस तापतो, आतला गार राहतो आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो. पातळ कपडे काळ्या पिशवीत घट्ट बांधून कडक उन्हात ठेवले तर ते आतपर्यंत तापतात. गादीच्या शिवणीवरून गरम इस्त्री सावकाश फिरवणं हा माझा आवडता उपाय, फक्त कापड बघून.

आता कॅलेंडर. माझा मुलगा चौथीत आहे. त्याला एक तक्ता आखायला लावला: तारीख, कितवा दिवस, कुठे पाहिलं, काय दिसलं. दर रविवारी आणि बुधवारी टॉर्च घेऊन तो आणि मी गादीची शिवण, दिवाणाच्या बिजागऱ्या, स्विचबोर्डाची कड, भिंतीवरच्या फोटोची मागची बाजू बघायचो. बॉलपेननं टेकवल्यासारखे काळे ठिपके दिसले तर ओल्या फडक्यानं पुसून बघा, शाईसारखे पसरले तर ती ढेकणाची विष्ठा. रिकाम्या काती दिसतात, चादरीवर रक्ताचे बारीक डाग दिसतात. अंगावरच्या गांधीवरून मात्र ठरवू नका. डास चावला तरी गांधी उठतात, आणि काही माणसांना ढेकूण चावूनही काहीच उठत नाही. बाराव्या दिवशी बिजागरीत दोन पिल्लं सापडली. ती तक्त्यात लिहिली, चौदाव्या दिवशी दुसरी फवारणी झाली. त्यापुढच्या रकान्यांत नुसतं "काही नाही". असे आठ आठवडे गेल्यावरच तक्ता उतरवला. परिसर अभ्यासाचं निरीक्षण यापेक्षा चांगलं कुठल्या पुस्तकातून शिकवणार?

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. धान्यात घालायच्या अल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ढेकणांसाठी घरात ठेवू नका, कुणालाही ठेवू देऊ नका. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून विषारी वायू निघतो आणि तो दाराखालून, खिडकीतून शेजारच्या घरातही जातो. या गोळ्यांनी माणसं, लहान मुलं दगावल्याच्या बातम्या आपल्या राज्यातही आल्या आहेत. कुणी स्वस्तात "एका रात्रीत साफ" म्हणत असेल तर औषधाचं नाव विचारा, डबा दाखवायला सांगा. रॉकेल शिंपडणंही तसंच, आगीला आमंत्रण. आणि दुकानातले फवारे वारंवार मारून ढेकूण उलट पांगतात. जुन्या माणसांना डीडीटी आठवत असेल. ढेकूण त्यालाही सरावले, आणि आजच्या पुष्कळ औषधांना सरावत आहेत.

शिक्षकांसाठी थोडं वेगळं. माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी हातावर रांगेत उठलेल्या गांधी घेऊन आली. वर्गात पेंगायची. दोन दिवसांत तिच्या बाकावर कुणी बसेना आणि तिला नाव पडलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, तुम्ही ओळखलं असेल. मी तिच्याबद्दल एक शब्द बोलले नाही. पंचतंत्रातली ऊ आणि ढेकणाची गोष्ट सांगितली: राजाच्या पलंगावर राहणारी मंदविसर्पिणी ऊ आणि पाहुणा आलेला ढेकूण. पाहुणा घाईनं चावतो, फटीत पळतो आणि मारली जाते ती ऊ. गोष्ट संपल्यावर विचारलं, "हा ढेकूण कुणाच्या घरी होता?" मुलं म्हणाली, राजाच्या. "मग राजा अस्वच्छ होता का?" एक मुलगा म्हणाला, "बाई, आमच्याकडे पण आहेत." मग आणखी दोन हात वर झाले. दुसऱ्या दिवशी त्या बाकावर तिघी दाटीनं बसल्या होत्या.

ढेकूण घाण बघून येत नाही, सामानातून येतो. डासासारखे रोग तो पसरवतो असंही सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे अशा मुलाला घरी पाठवायचं काही कारण नाही. दप्तरं ढिगानं न ठेवता खुंटीला लावा, वर्गातल्या सतरंज्या उन्हात झटका आणि पालकांशी बोलायचं ते एकटं गाठून बोला. त्या मुलीच्या आईला मी आमचा तक्ताच दाखवला. तिनं आधी इकडेतिकडे पाहिलं, मग विचारलं, "दुसऱ्या फवारणीचे किती घेतले?"

शेजाऱ्यांशी बोलणं तर टाळूच नका. चाळीत भिंत एक असते, वायरीच्या नळीतून ढेकूण पलीकडे जातो आणि आपलं घर स्वच्छ झाल्यावर परत येतो. आमच्या मजल्यावर चार घरांनी एकाच दिवशी फवारणी केली असती तर खर्चही कमी झाला असता.

बाकी सावधगिरी घरात येणाऱ्या वस्तूंची. जुन्या बाजारातला दिवाण किंवा कपाट घेतलं तर खण काढून, उलटं करून, टॉर्च मारूनच आत घ्या. लग्नाच्या कार्यालयातल्या गाद्यांवर रात्र काढली असेल, किंवा वसतिगृहातलं मूल दिवाळीला घरी येत असेल, तर बॅग पलंगावर टाकू नका. दाराशीच उघडा, कपडे थेट कढत पाण्यात आणि रिकामी बॅग उन्हात. शिवणी बघायचं काम मुलांना द्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते.