नाणेघाट : एका राणीचा हिशेब

गेल्या भाद्रपदात नाणेघाट पाहून आले. ऐरोलीच्या आमच्या सोसायटीत ही बातमी सांगितली तेव्हा पहिला प्रश्न आला, "या वयात? आणि गुडघ्यांचं काय?" दुसरा प्रश्न नाशिकच्या वन्संनी फोनवर विचारला, "अगं, पितृपक्षात?" त्यांचेही चूक नाही. हे गेल्याला चार वर्षे झाली. तेव्हापासून माझे बाहेर पडणे म्हणजे लग्नकार्य, दवाखाना आणि फार तर आळंदी. पण यांचे श्राद्ध सप्तमीला आटोपले होते, रविवारी मुलाला सुट्टी होती आणि डोंगरावरची सोनकी काही पंचांग बघून फुलत नाही. ती दसऱ्यापर्यंत थांबेलच असे नाही. मी म्हटले, चला!

शाळेत इतिहास शिकवायची तेव्हा "सातवाहन" हा पाठ दोन तासांत उरकावा लागे. राजधानी पैठण, व्यापार भरभराटीला, नाणेघाटात शिलालेख. परीक्षेत एका मार्काची गाळलेली जागा भरा. त्या गाळलेल्या जागेत जाऊन उभे राहायचे हे निवृत्तीच्या दिवसापासून मनात होते.

पहाटे पाचला निघालो. कल्याण, मुरबाड, टोकावडे. वैशाखऱ्याच्या आसपास उजाडले आणि उजव्या हाताला सह्याद्रीच्या भिंतीवर नानाचा अंगठा दिसला. खरेच कोणी अंगठा वर करून दाखवावा तसा हा सुळका. कोकणातून चढणारी जुनी वाट त्याच्याच शेजारून वर जाते. म्हणजे आम्ही चाललो होतो तो रस्ता निम्मा तरी दोन हजार वर्षांपूर्वीचाच. सोपारा आणि कल्याण या बंदरांत माल उतरायचा, बैलांच्या पाठीवर लादला जायचा, नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर या चारही गावांची नावे आहेत. आमच्या ऐरोलीहून कल्याण ते कितीसे लांब! खाडीकाठी राहणारी माणसे आम्ही, तेव्हा हा घाट आमच्या उंबऱ्यापासूनच सुरू होतो असे म्हणायला हरकत नाही.

जुने लोक खालून चढत. तरुण ट्रेकर आजही वैशाखऱ्याहून चढतात. आम्ही मात्र माळशेज घाटाने वर जाऊन जुन्नरकडून पश्चिमेला वळलो. तिकडून गाडी पार घाटमाथ्यापर्यंत जाते. माझ्यासारखीने हाच मार्ग धरावा.

जुन्नर सोडले आणि चावंडचा किल्ला मागे पडला की गाव-शहर संपते. दोन्ही बाजूंना भातखाचरे, पोटरीला आलेला भात, बांधांवर हिरड्याची झाडे. इथले महादेव कोळी समाजाचे लोक पावसाळ्याआधी बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकतात. भाताखेरीज हातात रोख पैसा येतो तो यातूनच. आमच्या घरी पोट बिघडले की सहाणेवर उगाळलेला हिरडा यायचा, तो असाच कुठल्यातरी बांधावरचा असणार. पुढे घाटघर आले आणि त्यानंतर ते पठार. मी गाडी थांबवायला लावली. नजर पोचेल तिथवर पिवळीधमक सोनकी, मधूनमधून तेरड्याचा गुलाबी रंग, आणि पलीकडे जीवधनचा काळा कडा, त्याला बिलगून उभा वानरलिंगीचा सुळका. ढग आमच्या पायांच्या पातळीवरून सरकत होते. सूनबाई फोटो काढत राहिली. मी नुसतीच बसले एका दगडावर. यांना फुलांपेक्षा दगडांची आवड जास्त. असते तर म्हणाले असते, "चला आता, लेणे बघू."

घाटमाथ्यावर एक भलामोठा दगडी रांजण आहे. ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांकडून जकातीची नाणी यात टाकून घेत असे सांगतात. त्याच्या पुढे दोन कातळभिंतींमधून अरुंद नळीसारखी वाट खाली उतरते. शेजारी झोपडीवजा हॉटेल चालवणारी बाई मला बघून बाहेर आली. "आज्जी, घाई नका करू. दगड शेवाळल्यात. नातवाचा हात धरा." हात धरला. एकेक पायरी बसत-उठत उतरले. तरण्या माणसाला पाच मिनिटांची वाट, मला वीस मिनिटे लागली. लागोत!

आणि मग ते लेणे. लेणे म्हणजे मूर्ती-नक्षी अशी कल्पना असेल तर निराशा होईल. एक चौकोनी दालन, वाटसरूंना टेकायला बाके, आणि डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळी. भाषा प्राकृत, काळ इसवी सनापूर्वीचे पहिले शतक (काही अभ्यासक दुसरेही मानतात). हा लेख सातवाहन राणी नागनिकेचा. तिने आणि तिचा पती सातकर्णी याने केलेल्या यज्ञांची आणि त्यात दिलेल्या दानांची ही नोंद. अश्वमेध, राजसूय... आणि प्रत्येकापुढे हिशेब! १७०० गाई, १० हत्ती, २४,४०० कार्षापण. एके ठिकाणी ६,००१ कार्षापण. हा आकडा वाचून माहीत होता, तरी तिथे नातवाला सांगताना हसू आले. आपण आहेराच्या पाकिटात १०१ घालतो, ५०१ घालतो, तसा तो वरचा एक! आपली चाल तिथूनच आली असे मी म्हणत नाही, पण ओळखीचे कोणीतरी भेटल्यासारखे वाटले खरे.

गणिताच्या लोकांना या भिंती फार मोलाच्या वाटतात, कारण आपल्याकडच्या सर्वांत जुन्या अंकांपैकी काही इथे आहेत. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन. पण शून्य नाही आणि एकं-दहं-शतं ही स्थानेही नाहीत. दहाला वेगळे चिन्ह, शंभराला वेगळे, हजाराला वेगळे. सहा हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला सहाचे चिन्ह जोडायचे. मूळ जुनागढचे आणि मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर काम केलेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात हे अंक उलगडले. दोन हजार वर्षे पावसाचा मारा सोसलेल्या त्या भिंतीसमोर हा माणूस किती दिवस बसला असेल!

मागच्या भिंतीवर एके काळी राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरलेले होते. आता पुतळे नाहीत. पावलांच्या जेमतेम खुणा, आणि वर नावे. सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार, आणि त्यांच्यातच एक महारठी त्रणकयिर. या महारठींना बहुतेक अभ्यासक नागनिकेचे वडील मानतात. म्हणजे सासरच्या राजांच्या रांगेत तिने आपल्या वडिलांनाही उभे केले. तेही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशा हमरस्त्यावर! मला हे फार आवडले.

लेखात या राणीचे वर्णन महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखी जगणारी, असे आले आहे. त्यावरून हा लेख तिच्या वैधव्यातला असे अनेकजण मानतात. व्रतवैकल्ये तिला चुकली नाहीत, पण तिने तेवढेच केले नाही. गेलेल्यांची नावे आणि सगळा हिशेब दगडात लिहवून ठेवला. नातवाने विचारले, "आजी, चेहरेच नाहीत तर मग काय उपयोग?" मी म्हटले, "परवा आजोबांच्या श्राद्धाला गुरुजींनी कोणाकोणाची नावे घ्यायला लावली?" तो म्हणाला, "आजोबांची, त्यांच्या बाबांची आणि त्यांच्या आजोबांची." "त्यांतले तू किती पाहिलेस?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "आणि आज्यांची?" आता गप्प व्हायची पाळी माझी होती. नावे गुरुजींनी सांगितली होती, त्याच्या लक्षात राहिली नव्हती. तिथेच बाकावर बसून त्याला माझ्या सासूबाईंचे, आजेसासूबाईंचे आणि माझ्या आईचे नाव सांगितले. त्याने मोबाईलमध्ये लिहून घेतले. शेजारी कोणा महाभागाने कातळावर बदामासकट आपले नाव खरवडून ठेवले होते, त्याबद्दल न बोललेलेच बरे.

वर आल्यावर त्या बाईने गरम पिठले-भाकरी वाढली. तिच्या कुडाच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारलेल्या होत्या, किती ताटे गेली त्याचा हिशेब. नातू कानात म्हणाला, "आजी, बघ, यांचा पण शिलालेख!" मी तिला नागनिकेबद्दल विचारले. ती म्हणाली, "लोक सांगत्यात राणी व्हती म्हनून. हिशेबाला पक्की असंल. इतका मोठा घाट सांभाळायचा म्हंजे!" इतक्या थोड्या शब्दांत मला वर्गात सांगता आले नसते.

येताना पूरला कुकडेश्वराचे प्राचीन शिवमंदिर पाहिले. कुकडी नदी या परिसरात उगम पावते. दगडातले कोरीवकाम सावकाश बघण्यासारखे आहे. लेण्याद्री मात्र राहिली, तिच्या पायऱ्या त्या दिवशी झेपल्या नसत्या.

कोणी जाणार असाल तर थोडे सांगते. भर पावसात वाऱ्याने धबधब्याचे पाणी उलटे वर उडते ते पाहायला शनिवार-रविवारी फार गर्दी होते, कड्याजवळ जपून राहा. निवांत बघायचे तर पाऊस ओसरल्यावर, शक्यतो मधल्या वारी जा. नळीत हातात काठी ठेवा. अक्षरांना हात लावू नका, खडू तर मुळीच फिरवू नका.

जुन्नर परिसरातल्या लेण्यांत इरिल नावाच्या एका यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा लेख आहे. कुठला कोण परदेशी माणूस, आणि दिले काय तर वाटसरूला पाणी! पुढच्या खेपेला ती लेणी बघायची असे नातवाचे आणि माझे ठरले आहे. गुडघ्यांना अजून कळवलेले नाही.