बहात्तर बाय शेहेचाळीस

२ नोव्हेंबर

पंख्याचा आकडा ठरला. व्यास ७२ इंच, पिच ४८ इंच. बाकी सगळं विमान आम्ही मिलीमीटरमध्ये बांधतोय, पण पंख्याची भाषा अजून इंचांचीच आहे. स्क्रू लाकडात शिरतो तसा पंखा हवेत अजिबात न घसरता शिरला, तर एका फेऱ्यात जितका पुढे जाईल तो त्याचा पिच. प्रत्यक्षात हवा निसटते, म्हणून विमान नेहमी थोडं मागे राहतं.

इंजिन कॉन्टिनेंटल सी-९०. ९० अश्वशक्ती, २४७५ आरपीएमला. हेच इंजिन एचएएलच्या 'पुष्पक'मध्ये होतं. २८ सप्टेंबर १९५८ला पुष्पक पहिल्यांदा उडालं आणि पुढे फ्लाइंग क्लबांतून आपल्याकडचे कितीतरी वैमानिक त्याच्यावर शिकले. आमचं विमानही तसंच, वर पंख असलेलं, दोन माणसांचं.

भाच्याला पिच ५२ हवा होता. "मामा, क्रूझला वेग मिळेल." त्याचं गणित बरोबर आहे. पण उडायचं आहे इथून. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आणि आमची पट्टी आखूड. पातं कायमच्या एका कोनात घडवायचं असेल, तर जमीन सोडताना उपयोगी पडेल तोच कोन निवडायचा. वेग दहा किलोमीटरनं कमी असला तर पोहोचायला उशीर होईल. पण पट्टी संपताना चाकं जमिनीवरच असली, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

गेल्या महिन्यात, १७ ऑक्टोबर २०२५ला, ओझरला एचएएलच्या कारखान्यात एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाची दुसरी उत्पादन साखळी सुरू झाली. त्याचा चार पात्यांचा पंखा उडता उडता आपला कोन बदलतो. १९६४ला उभ्या राहिलेल्या, मिग आणि नंतर सुखोई बांधणाऱ्या त्या कारखान्यात पंख्याचं विमान आलं याचा मला मनापासून आनंद झाला. माझी उमेदीची वर्षं तिथं गेली, पण पंखा कधी हातात घेतला नव्हता.

६ नोव्हेंबर

वखारीत गेलो. जुन्या नाशकातले वाडे पडतायत, त्यांचे खांब आणि तुळया तिथं रचून ठेवलेल्या. शंभर वर्षं वाळलेलं सागवान, हात फिरवला तर सोडवत नाही. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, असं लाकूड आता मिळायचं नाही. हेच घ्या."

घेतलं नाही. त्या तुळईनं किती भार सोसला, कुठे आतून चिरली, कुठे खिळ्याच्या गंजानं तंतू कुजले, हे बाहेरून कळत नाही. दारासाठी ते सोनं आहे. पंख्यासाठी मला लाकडाची कुंडली माहीत हवी.

जगात लाकडी पंखे बहुतेक मेपल, बर्च, बीच, ॲश, अक्रोड यांचे करतात. बीच इथं फर्निचरवाल्यांकडे मिळतं, मजबूतही आहे, पण दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. नाशकात जुलै आणि एप्रिल हे दोन वेगळे देश आहेत. साग सगळ्यांत कमी हलतो. त्याचे दोन दोष मला ठाऊक आहेत: त्यातल्या सिलिकामुळे रंध्याची धार लवकर जाते, आणि त्यातलं तेल गोंद धरू देत नाही. धार पुन्हा लावता येते. गोंदाचं बघावं लागेल.

सुरगाण्याकडच्या सागाच्या, सरळ रेषेच्या, एकही गाठ नसलेल्या फळ्या निवडल्या. सहा लागणार, आठ घेतल्या.

१५ नोव्हेंबर

गोंदाची परीक्षा. आधी पांढरा गोंद बाद केला. तो सुतारकामाला उत्तम, पण सतत ओढ असली की हळूहळू सरकतो आणि पाण्याला भितो. इपॉक्सी घेतलं. सागाचे छोटे तुकडे ताजे रंधून, लगेच ॲसिटोननं पुसून जोडले. तसेच काही न पुसता जोडले. दोन्ही पूर्ण सुकल्यावर पाण्यात उकळले, वाळवले आणि पटाशी घालून फोडले.

न पुसलेले सांध्यातच उघडले, गोंद काचेसारखा चकचकीत. पुसलेल्यांत सांधा राहिला आणि शेजारचं लाकूड फाटलं. मिस्त्री तो तुकडा बराच वेळ उलटसुलट करून बघत होते. सांध्याआधी लाकूड फाटलं की जोड पास, हा नियम त्यांना फार आवडला.

२३ नोव्हेंबर

फळ्या एकेक करून तोलल्या. एकाच झाडाची फळी असली तरी एक टोक जड असतं, म्हणून जड टोकं आलटून पालटून दोन्हीकडे लावली. सहा फळ्या, मधे जाडी १०० मिलीमीटर. शिकंजे लावून ठोकळा बांधला. आता आठवडाभर हात लावायचा नाही.

भाच्यानं विचारलं, "गच्चीवर विमान बांधणारे ते यादव, त्यांनी पंखा घरीच केला होता का?" कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६च्या फेब्रुवारीत ते वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात मांडलेलं होतं, २०१७ला त्याची नोंदणी झाली आणि पुढे चाचण्या आमच्या शेजारच्या धुळ्याला. भाच्याला सांगितलं, त्यांच्या पंख्यापेक्षा त्यांची चिकाटी उचल. नोंदणीसाठी त्यांनी जितकी वर्षं कागद हलवले, तितक्यात आपल्यासारखे लोक नाद सोडून देतात.

७ डिसेंबर

कोरीवकाम सुरू. फर्मे पत्र्याचे कापले, दर काही इंचांवर एक. पिच सगळीकडे एकच ठेवायचा म्हणजे कोन सगळीकडे वेगळा येतो, कारण टोक त्याच एका फेऱ्यात कितीतरी लांब वर्तुळ फिरून येतं. ४८ पिचसाठी मध्यापासून ९ इंचांवर ४०.३ अंश, १८ इंचांवर २३ अंश, २७ इंचांवर १५.८ आणि टोकाला जेमतेम १२. मधे उभं, टोकाला जवळजवळ आडवं. पात्याला जो पीळ दिसतो तो एवढाच.

राइट बंधूंना हे १९०३ला स्वतःच शोधावं लागलं. जहाजांच्या पंख्यांवर पुस्तकं होती, त्यांतून काही मिळेना. मग त्यांनी पंखा म्हणजे गोल फिरणारा पंख असं धरून हिशेब मांडला आणि साडेआठ फुटांचे स्प्रूसचे पंखे कुऱ्हाडीनं नि दोन मुठींच्या सुरीनं घडवले. ते मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेत. आजच्या चाचण्यांत त्यांची कार्यक्षमता ७५ टक्क्यांच्या पुढे निघाली. त्यांचं इंजिन त्या काळातही साधारणच होतं. माझ्या मते ते उडाले ते पंख्यामुळे.

मिस्त्रींनी वाकसानं मोठे ढलपे काढले, मग रंधा, मग कानस. वाकस चालवताना त्यांना फर्मा लागतच नाही, डोळ्यांनीच पीळ पकडतात. तरी प्रत्येक ठिकाणी फर्मा लावून बघतो. मागची बाजू सपाट, पुढची फुगीर.

२८ डिसेंबर

कडाक्याची थंडी. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतायत.

समतोल. पंख्याच्या मधल्या भोकात पोलादी दांडा घातला आणि तो दोन धारदार, समतल पट्ट्यांवर टेकवला. शेडची दारं लावली, छताचा पंखा बंद. एक पातं सावकाश खाली गेलं. त्याला कागदानं घासलं, पुन्हा ठेवलं. आडवं थांबलं तरी काम संपत नाही, पंखा उभा ठेवूनही तो कुठल्याच बाजूला झुकता कामा नये. मधला ठोकळा एका अंगाला जड असला की उभ्यात झुकतो.

एवढा आटापिटा कशाला, असं शेजारच्या शेडमधल्या पोरानं विचारलं. त्याला हिशेब करून दाखवला. टोकाला एक ग्रॅम जादा असेल, तर २४७५ आरपीएमला तो एक ग्रॅम सहा किलोंहून जास्त जोरानं बाहेर ओढतो. आणि ती ओढ सेकंदाला एकेचाळीस वेळा दिशा बदलत क्रँकशाफ्टवर पडते.

शेवटचा फरक वॉर्निशनं मिटवला. हलक्या पात्याला एक हात जास्त. टोकांच्या पुढच्या कडेला पितळी पत्रा बसवला, पावसाचे थेंब लाकूड खातात म्हणून. त्या पत्र्याला अगदी टोकाशी सुईएवढी भोकं ठेवली, म्हणजे आत शिरलेलं पाणी फिरताना बाहेर फेकलं जाईल.

११ जानेवारी

पंखा इंजिनावर चढला. आधी ट्रॅक पाहिला: जमिनीवर एक खुंटी रोवली आणि पंखा हातानं फिरवून दोन्ही टोकं तिच्यासमोरून जाताना किती फरक पडतो ते मोजलं. लाकडी पंख्याला १/८ इंचापर्यंत चालतं. आमचा त्याच्या निम्म्यात आला.

विमानाची शेपटी दोरानं खांबाला बांधली, मधे वजनकाटा, चाकांना अडसर. पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, हे सगळ्यांना दोनदा सांगितलं. पहाट, ९ अंश. थ्रॉटल पूर्ण.

२१५०.

हवेत गेल्यावर आरपीएम वाढतात, कारण समोरून येणारी हवा पात्यावरचा भार हलका करते. जमिनीवर २४७५ मिळणारच नाहीत. पण २१५० कमी आहेत. इंजिन ९०पैकी ७८ अश्वशक्तीच्या आसपासच देऊ शकतं. पिच जास्त आहे. ४८ मुद्दामच धरला होता, कारण लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही.

आवाज मात्र ऐकण्यासारखा. लाकडाचा पंखा धातूसारखा किंचाळत नाही. थरथर स्वतःत जिरवतो, म्हणून तो ॲल्युमिनियमसारखा थकतही नाही.

१८ जानेवारी

पिच ४६वर आणला. पात्याच्या सपाट बाजूला, मागच्या कडेकडून घासायचं. २७ इंचांवर कोन १५.८वरून १५.२. अंशाचा जेमतेम सहा दशांश, म्हणजे त्या जागी कडेला एक मिलीमीटरहून थोडं जास्त लाकूड. मिस्त्रींनी रंधा बाजूला ठेवला आणि सगळं काचकागदानं केलं. मग पुन्हा समतोल, पुन्हा वॉर्निश.

२५ जानेवारी

पहाटे, तेवढ्याच थंडीत. २२२०. काट्यावर ओढ १६५ किलो. भाचा नाचला. मीही हसलो असेन.

१२ एप्रिल

दुपारी ३९ अंश. मुद्दाम या वेळेला चालवलं. आरपीएम २२२५. भाचा म्हणाला, "म्हणजे काहीच फरक नाही, मामा." त्याला वजनकाटा दाखवला. १५१ किलो.

ही गोष्ट प्रत्येक उडणाऱ्यानं लक्षात ठेवावी. गरम हवा विरळ. विरळ हवेत इंजिनाला कमी हवा मिळते, म्हणून जोर कमी. पंख्यालाही तीच विरळ हवा कापायची असते, म्हणून विरोधही कमी. दोन्ही जवळजवळ सारखेच घटतात, आणि आरपीएमचा काटा जानेवारीत होता तिथंच उभा राहतो. ओढ मात्र साडेआठ टक्के गेली. पंखांना उचलणारी हवाही तेवढीच पातळ. एप्रिलच्या दुपारी आरपीएमच्या काट्यावर भरवसा ठेवून आखूड पट्टीवरून निघणं म्हणजे आत्मघात. पिच ५२ असता तर या हवेत काय झालं असतं, ते भाच्यानं न विचारताच वहीत मांडून पाहिलं.

१३ एप्रिल

आज पंख्याच्या बोल्टांना पाना लावला. प्रत्येक बोल्टला ताण कमी भरला. एकही बोल्ट आपणहून फिरला नव्हता, खुणेचा रंग तसाच होता. आकसलं ते लाकूड. हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत १०० मिलीमीटर जाडीत अर्धा मिलीमीटर गेला तरी बोल्ट सैल पडायला पुरतो.

लाकडी पंख्याला बोल्ट फिरवत नाहीत. ते त्याला फ्लँजवर आवळून धरतात, आणि फिरवतं ते दोघांमधलं घर्षण. ताण गेला की पंखा केसभर सरकतो, दर ठोक्याला सरकतो, लाकूड करपतं, भोकं लांबट होतात. तिथून पुढे बोल्ट तुटायला वेळ लागत नाही. पंखा काढून मागचा चेहरा पाहिला. स्वच्छ आहे, काळा डाग नाही. पुन्हा ठरलेल्या ताणाला आवळले.

१४ जून

पाऊस लागला. आता उलटा धोका: लाकूड फुगतं, बोल्ट तेच असतात, आणि चकतीखाली तंतू चिरडतात. सगळे ढिले करून पुन्हा ताणाला आणले. पंखा आडवा करून ठेवला. उभा ठेवला तर ओल खालच्या पात्यात उतरते आणि डिसेंबरमधला सगळा समतोल जातो.

बहात्तर बाय शेहेचाळीस कायम. परवानगीचे कागद होईपर्यंत जमिनीवरच.

एक मागणं आहे. पुष्पकवर काम केलेले मेकॅनिक अजून आपल्यात आहेत. कुठल्या पंख्याला जमिनीवर किती आरपीएम भरले, कुठल्या महिन्यात बोल्ट किती सैल सापडले, हे त्यांच्या जुन्या वह्यांत लिहिलेलं असणार. तुमच्या घरात अशी वही असेल तर ती रद्दीत घालू नका. विमान बांधणाऱ्या कुणाला तरी ती वाचायला द्या.