लालबाग ते चांदोली : वाघ परतताना

एप्रिल-मे महिन्यांत लालबागच्या मसाला बाजारात शिरले की आधी ठसका लागतो. ब्याडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरचीचे ढीग, भाजलेल्या धण्यांचा वास आणि डंकांचा धडधड आवाज. डंकासमोरच्या रांगेत साताऱ्याची वहिनी, कोकणातली मावशी आणि आपल्या घरांतल्या खाला-फुफी एकामागोमाग उभ्या असतात. बोलणे मात्र बहुतेक वेळा गावाकडचेच चालते.

याचे कारण जुने आहे. गिरण्यांत राबायला घाटावरून आणि कोकणातून माणसे आली, चाळीतल्या गावकीच्या खोलीत दाटीवाटीने राहिली, पगारातून गावी मनीऑर्डरी करत राहिली. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला आणि पुढे गिरण्यांचे भोंगे बंद पडले. गावाशी असलेले नाते मात्र तुटले नाही.

त्यातली बरीच गावे कोयना आणि वारणेच्या खोऱ्यांतली. परळहून एस.टी.ने कराड गाठावे, तिथून शिराळा तालुक्यात मणदूरच्या बाजूला जावे. उसाचे मळे मागे पडतात, डोंगर जवळ येतात आणि चांदोलीचे जंगल सुरू होते. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत तो पसरला आहे.

नाव व्याघ्र प्रकल्प, पण वाघ क्वचितच दिसे. दक्षिणेकडून फिरत आलेले नर कॅमेऱ्यात टिपले जात. माद्या नव्हत्या. वाघाचा नर वयात आला की शेकडो किलोमीटर भटकतो, मादी मात्र सहसा आईच्या मुलखाजवळच घर करते. म्हणून माद्या आपणहून इथवर पोहोचेनात. शेवटी वाघ बाहेरून आणायचे ठरले. नोव्हेंबर 2025 मध्ये चंद्रपूरच्या ताडोबातून पहिली वाघीण चांदोलीत आणली, काही दिवस कुंपणात ठेवली आणि मग मोकळ्या रानात सोडली. ताडोबा आणि पेंचमधून असे एकूण आठ वाघ आणण्याची योजना आहे.

हे वाचताना शार्लट मॅकोनाही यांची ‘वन्स देअर वर वुल्व्हज’ ही कादंबरी आठवते. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात लांडगे पुन्हा सोडले जातात. मग एक शेतकरी मेलेला सापडतो. लांडग्यांवर आळ येईल या भीतीने प्रकल्पाची प्रमुख स्त्री ते प्रेत गुपचूप पुरून टाकते. शेवटपर्यंत आपण श्वास रोखून वाचतो. पण मनात राहतो तो एक प्रश्न : जनावराला वाचवण्यासाठी गावकऱ्यांपासून सत्य लपवले, तर त्या जनावराचे तरी भले होते का?

चांदोलीच्या कडेला हा प्रश्न कादंबरीपुरता राहत नाही. कोयनेच्या धरणाने गावे उठली, पुढे जंगल राखण्यासाठी आणखी उठली. जे मागे राहिले त्यांची गुरे आजही रानालगत चरतात. वाघ कुठे फिरतो आहे हे त्यांना वेळेवर कळले पाहिजे. म्हैस मारली गेली तर पंचनामा लगेच व्हावा आणि भरपाईसाठी कचेरीचे उंबरे झिजवावे लागू नयेत. माणूस दगावला तर राज्य सरकार 25 लाख रुपये देते, पण घरातला कर्ता गेल्यावर पैशाने पोकळी भरत नाही. त्यामुळे खबरदारी आधी घ्यायला हवी.

कुरआनच्या सूरह अल-अन्आममध्ये जमिनीवरच्या प्राण्यांना आणि उडणाऱ्या पक्ष्यांना आपल्यासारख्याच ‘उम्मती’ म्हटले आहे. म्हणजे वाघालाही इथे जगण्याचा हक्क आहे आणि त्याचे रान आपल्याकडे अमानत आहे. पण त्याच धर्माने इन्साफही शिकवला. शहराने वाघाचे कौतुक करायचे आणि त्याची किंमत गरीब गुराख्याने भरायची, हा इन्साफ नव्हे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन चांदोलीला जरूर जावे. वाघ दिसण्याची आशा कमीच ठेवावी. त्याऐवजी वाटेवरच्या एखाद्या गावात चहाला थांबावे आणि म्हाताऱ्या माणसांना विचारावे की वाघ आल्यापासून गुरे कुठे बांधता, रात्री दिवा असतो का, वनखात्याचा माणूस येतो का. मुले जंगलाविषयी जे शिकतील, त्यात ही उत्तरेही असावीत.