बर्फाच्या गुहेतल्या सातशे पायऱ्या

भाचीची नोकरी ऑस्ट्रियात साल्झबुर्गला. त्यामुळे आम्हा उभयतांना आल्प्स पर्वत पाहण्याचा योग आला. पहिल्या दिवशी लिख्टेनश्टाइन घळ पाहिली. पाण्याने खडक कापून केलेली ही अरुंद, खोल वाट १८७६ साली लोकांना खुली झाली. २०१७ मध्ये दरड कोसळून बंद पडली, २०२० मध्ये पुन्हा उघडली.

दुसऱ्या दिवशी वेर्फेनची आइसरीझनवेल्ट ही बर्फाची गुहा. लांबी ४० किलोमीटरांहून जास्त. बर्फ मात्र पहिल्या किलोमीटरभरातच. हिवाळ्यात गार वारा आत शिरून खडक गारठतो, मग वितळलेले पाणी झिरपून तिथे गोठते. आत विजेचे दिवे नाहीत, हाती कार्बाइडचा दिवा. चढायला ७०० पायऱ्या, उतरायलाही तितक्याच.

आमच्या सौ.चे गुडघे दुखरे. भाची म्हणाली, "मामी, तू बाहेरच बस." ही म्हणाली, "अगं, चाळीत पाण्याचे हंडे चार मजले चढवलेत. हळूहळू येते." ती थांबली की वाटाड्याही थांबे, मागच्यांपैकी कुणी कुरकुरले नाही.

आत एका दालनात अलेक्झांडर फोन म्योर्क यांचा अस्थिकलश आहे. या गुहेचा शोध घेणारा हा तरुण १९१४ साली महायुद्धात मारला गेला. ही बराच वेळ तिथे उभी होती. "कुणाचं तरी लेकरूच ना," एवढेच बोलली.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आईबापांनी उन्हाळ्यातही स्वेटर न्यावा, गुडघ्यांचे डॉक्टरांना विचारावे. पण नुसत्या भीतीपोटी दारात बसून राहू नये.