आजीची आंबील आणि नळाचं पाणी

होस्टेलवर रात्री बारानंतर ज्या चर्चा होतात त्यांना सिलॅबस नसतो. मागच्या सेमिस्टरला, सबमिशनच्या आदल्या रात्री, असाच विषय निघाला. रूम पार्टनर म्हणाला, "परदेशात लोक घरीच बिअर बनवतात म्हणे. आपण केमिकलवाले, आपल्याला नाही जमणार?" पेंगणारे सगळे एकदम जागे! मी म्हणालो, "राजा, आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय बनवलीस तर पुढचं सबमिशन पोलीस स्टेशनात."

तरी तो वाचून दाखवतच राहिला. गंमत म्हणजे त्यात पाण्यावरच पानंच्या पानं लिहिली होती. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन धान्यातल्या फिनॉलशी जुळलं की क्लोरोफिनॉल तयार होतं. ते अगदी नावापुरतं असलं तरी बिअरला दवाखान्याचा वास येतो. म्हणून ही मंडळी आधी पाणी उकळतात, किंवा रात्रभर पसरट भांड्यात ठेवतात, कार्बन फिल्टरमधून गाळतात, नाहीतर मेटाबायसल्फाइटची गोळी टाकतात.

'दवाखान्याचा वास' ऐकलं आणि मी थेट पाथरीला पोहोचलो.

आमच्या घरी उन्हाळा म्हणजे आंबील. ज्वारीचं पीठ रात्री पाण्यात भिजवायचं, सकाळी आंबलं की शिजवायचं, गार झालं की ताक, मीठ, लसूण, जिरं. परभणीच्या उन्हात यापुढे कुठलंही कोल्ड्रिंक फिकं! बारावीनंतरच्या सुट्टीत मात्र आजीने पहिलाच घोट घेऊन पेला खाली ठेवला. "आंबिलीला औषधाचा वास यायलाय रे." नळाला त्या आठवड्यात ब्लीचिंग जास्त होतं.

मी तेव्हा सीईटी देऊन बसलेला, म्हणजे निम्मा इंजिनिअर! म्हणालो, "आजी, क्लोरीन म्हणजे विष. मी मळ्यातल्या विहिरीचं पाणी आणतो." आजी म्हणाली, "वासानं कुणी मरत नाही लेकरा." ऐकतो कोण? सायकलला दोन कॅन बांधून पाणी आणलं. आंबील झकास झाली. माझी कॉलर ताठ!

पण आंबील शिजवलेली होती. कॅनमध्ये उरलेलं पाणी कच्चंच होतं, आणि धाकटा भाऊ दिवसभर तेच पीत होता. दुसऱ्या रात्री त्याला जुलाब सुरू झाले. पहाटेपर्यंत डोळे खोल गेले, आवाज निघेना. दोन दिवस सलाईन. मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून होतो आणि नाकात तोच वास होता, ज्याच्यावर मी रुसलो होतो. आजी मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पहिल्या वर्षाला केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ईडीटीएचं टायट्रेशन आलं. दारूसारखा लाल रंग निळा होताना पाहिला आणि पाण्याचा धडा नीट कळला. पाणी उकळलं की क्लोरीन उडून जातं, जंतू मरतात आणि बायकार्बोनेटचा कठीणपणा पांढरा थर होऊन भांड्याच्या बुडाशी बसतो. जिप्समचा कठीणपणा मात्र उकळून जात नाही. इंग्लंडमधल्या बर्टन गावाचं पाणी तसलंच, आणि तिथली कडवट एल त्याच पाण्यावर नावाजली. पिल्सेनचं पाणी मऊ, म्हणून तिथली फिकट लागर. म्हणजे पाणी चांगलं की वाईट हे ते कशासाठी वापरायचं त्यावर ठरतं. पिण्यासाठी मात्र पहिली अट एकच, त्यात जंतू नकोत. म्हणून तर आपल्या मानकात नळापर्यंत लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं सांगितलंय. तो वास म्हणजे पाण्याचा पहारेकरी. त्याला घरापर्यंत येऊ द्यायचं, आणि काम झालं की चुलीवर निरोप द्यायचा.

आमच्या तालुक्यातून जायकवाडीचा डावा कालवा जातो. याच धरणाच्या पाण्यावर औरंगाबादचे (आता छत्रपती संभाजीनगर) बिअरचे कारखानेही चालतात. २०१६ च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाने त्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली होती. आधी प्यायला, मग बाकीचं. हा क्रम मला भावाच्या सलाईनच्या बाटलीखाली बसून कळला होता.

आता सुट्टीत घरी गेलो की आंबिलीचं पाणी मी उकळतो. लागेल तेवढंच, वीसेक मिनिटं. मग झाकून गार करतो, कारण क्लोरीन गेलं की राखणदारही गेला. आजी चव घेते आणि म्हणते, "आता खरा इंजिनिअर झालास बघ." भाऊ शेजारी बसून दुसरा पेला मागतो.

रूम पार्टनरला म्हटलं, बिअरचं राहू दे. मे महिन्यात पाथरीला ये, आंबील पाजतो. परवाना लागत नाही!