ते त्यातच आलं

माझ्या सुरुवातीच्या बिलांत एकच ओळ असायची. ‘अक्षरजुळणी’, पुढे पानं, दर आणि रक्कम. छापील बिलबुकात कार्बन घालून दुसरी प्रत निघायची. त्या प्रती अजून माझ्या कपाटात आहेत. आता बिल संगणकावर होतं आणि ओळीही वाढल्या आहेत: अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये रूपांतर, पानमांडणी, तिसऱ्या प्रुफानंतरच्या दुरुस्त्या. मधल्या पाव शतकात मी काम बदललं नाही. घरच्या टेबलावर बसून मराठी पुस्तकं जुळवते, तेव्हाही हेच करत होते. एका ओळीच्या पाच ओळी व्हायला मात्र बराच काळ गेला.

आमचे अण्णा कंपोझिटर होते. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात दिवसभर उभ्याने खिळे जुळवायचे. डाव्या हातात स्टिक, उजवा हात कप्प्यांवरून फिरतोय आणि नजर हस्तलिखितावर. देवनागरीत काने, मात्रा, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं सगळ्यांचे खिळे वेगळे, त्यामुळे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त कप्पे. ते कप्पे त्यांना न बघता सापडायचे. मजुरी पानावर होती. पान छापून झालं की तेच खिळे सुटे करून ज्याच्या त्याच्या कप्प्यात परत टाकायचे. याला टाईप सोडणं म्हणत. हे काम घाईत करून चालत नसे, कारण ‘घ’च्या कप्प्यात एखादा ‘ध’ पडला तर पुढच्या कुठल्यातरी पानात त्याची चूक होऊन उगवायची. मी शाळेतून परस्पर छापखान्यात जाऊन बसायची, तेव्हा एकदा विचारलं होतं, “अण्णा, टाईप सोडायचे किती मिळतात?” ते म्हणाले, “वेगळे कुठले गं? ते त्यातच आलं.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यांच्या पिढीतल्या बहुतेक कारागिरांना हे असंच वाटत असावं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’त बलुत्याचा कारभार तपशिलाने मांडला आहे. सुतार-लोहारांनी वर्षभर शेतकऱ्याचं पडेल ते काम करायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा घ्यायचा. एकेका कामाचा हिशेब नाही. औताचं जू दुरुस्त केलं, पाभर ठीक केली, सगळं त्यातच. वाटा रिवाजाने ठरलेला खरा, पण सूप किती भरायचं हे देणाऱ्याच्या हातात. ती व्यवस्था गेली, पण हात पुढे करून ‘द्या काय ते’ म्हणण्याची सवय आपल्यात उरली. कुशल माणसंसुद्धा आकडा विचारला की खाली बघतात, आणि यात मला संस्कार कमी आणि ती जुनी खळ्यावरची धास्ती जास्त दिसते.

याच्या अगदी उलट आमची मावशी. ती मुंबईला लिज्जतचे पापड लाटायची. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या या संस्थेत लाटणाऱ्या बायका भागीदार असतात, एकमेकींना बहीण म्हणतात आणि लाटण्याच्या मोबदल्याला ‘वणई’ म्हणतात. मावशी सकाळी भिजवलेलं पीठ घरी आणायची, पापड लाटून-वाळवून दुसऱ्या दिवशी केंद्रावर द्यायची आणि वणई घेऊन यायची. सुट्टीत आम्ही गेलो की तिच्या शेजारी बसून चकत्या वाळत घालायचो. कुणी विचारलं तर ती किलोमागची वणई खणखणीत आवाजात सांगायची, मग समोर जावई असो की शेजारीण. घरात शब्दांत आयुष्य काढणारे अण्णा स्वतःच्या कामाचा आकडा पुटपुटत सांगायचे आणि शाळा अर्धवट सोडलेली मावशी तो मोकळेपणाने सांगायची. दोघंही माझ्यात आहेत, आणि कितीतरी वर्षं अण्णाच वरचढ होते.

मराठी टायपिंगच्या तीस आणि चाळीसच्या परीक्षा मी दिल्या होत्या. खिळ्यांचे छापखाने बंद पडत होते, डीटीपीचे दिवस आले होते. पतपेढीचं कर्ज काढून संगणक आणि लेझर प्रिंटर घेतला, बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं. पेजमेकर शिकले. दर मी ठरवला नाही. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास पानाला जो दर चालू होता तोच माझाही. कादंबरीचं पान, तळटिपांनी भरलेलं प्रबंधाचं पान, संस्कृत श्लोकांचं पान, सगळ्यांना एकच. शिवाय मी घरी काम करणारी. “घरीच तर असता ताई, दुपारी पाठवून द्या,” असे फोन सकाळी अकराला यायचे. दिवाळी अंकांच्या हंगामात, गणपतीपासून कोजागिरीपर्यंत, रात्री दोनलाही प्रिंट निघत असायच्या. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकांना शेवटच्या आठवड्यात सुचत आलं आहे, असं आमच्या धंद्यात सगळेच प्रेमाने मानतात. त्या शेवटच्या आठवड्याची रात्रपाळीही पानाच्या दरातच.

दुसरी ओळ एका जुन्या लेखसंग्रहामुळे आली. पुस्तक जुन्या लेखनपद्धतीत छापलेलं, म्हणजे ‘नांव’, ‘कांहीं’, ‘केलें’, ‘जेव्हां’. प्रकाशकांना नवी आवृत्ती नव्या नियमांनुसार हवी होती. साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम केले आणि १९७२ साली त्यांत चारांची भर घातली. उच्चारात नसलेले अनुस्वार त्या नियमांनी गेले. “टिंबं तेवढी काढायची,” असं मला सांगितलं गेलं.

टिंबं काढायला बसलं की कळतं, ती सरसकट निघत नाहीत. जुन्या पद्धतीत ‘घरांत’ असं लिहिलं तर ते एक घरही असायचं आणि अनेक घरंही. नव्या पद्धतीत एक घर असेल तर ‘घरात’, अनेक असतील तर ‘घरांत’. संगणकाला शोध-बदल सांगून हे होत नाही. प्रत्येक जागी थांबून वाक्य वाचावं लागतं, कधी मागचा परिच्छेद. लेखक म्हणतोय की त्या काळी ‘घरांत’ चूल पेटत नव्हती. स्वतःच्या घरातली चूल म्हणतोय की गावातल्या घरांतली? दुष्काळाचा लेख होता तो. एका टिंबावर वाक्याचं दुःख एका कुटुंबाचं की अख्ख्या गावाचं, हे ठरत होतं. मी पेन्सिलने अशा शंकांचा कागद केला. पान, ओळ, शब्द, मला काय वाटतं आणि का. प्रकाशकांनी तो संपादकांकडे पाठवला. काही दिवसांनी कागद परत आला, प्रत्येक शंकेसमोर लाल शाईत त्यांचा निर्णय. बहुतेक जागी ‘बरोबर’, काही जागी माझ्याविरुद्ध, आणि दुष्काळाच्या वाक्यासमोर दोन ओळींचं स्पष्टीकरण: पुढच्याच पानावर पाटील शेजारच्या वाड्यांतून धान्य मागवतो, म्हणून अनेकवचन.

तो कागद मी समोर ठेवला. एका बाजूला माझं अक्षर, दुसऱ्या बाजूला चाळीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाचं, आणि आम्ही दोघं एकच काम करत होतो. हे काम बोटांचं नव्हतं. त्या महिन्याच्या बिलात मी ‘अक्षरजुळणी’खाली दुसरी ओळ लिहिली: मुद्रितशोधन, वेगळा दर. अपेक्षेप्रमाणे फोन आला. “ताई, हे आजवर त्यातच येत होतं की.” मी त्या कागदाची झेरॉक्स पाठवली आणि रक्कम बदलली नाही. पैसे उशिरा आले, पण पूर्ण आले. ज्या दिवशी आले त्या दिवशी मी अण्णांना बिल दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या आणि विचारलं, “हे असं वेगळं लिहिता येतं?” मला फार भरून आलं.

पुढच्या ओळी सोप्या नव्हत्या, पण वाट पडली होती. युनिकोड आलं आणि जुन्या फाँटमधल्या फायली त्यात आणायची कामं सुरू झाली. “सॉफ्टवेअर करतं ना सगळं? बटण तर दाबायचं.” बटण दाबलं की मजकूर बदलतो, आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. सह्याद्रीच्या प्रवासवर्णनात पानोपानी समुद्र शिरतो. ‘चऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘बिचाऱ्या’, मराठीतला हा अर्धा र आधी हरवतो, कारण रूपांतरात त्याची खूण गळते आणि उरतो तो रफार. शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीला ‘दर्या’ हा शब्द ठाऊक असतो, म्हणून ती गप्प बसते. तो चुकीचा आहे हे डोंगर डोळ्यांपुढे आणून वाचणाऱ्यालाच कळतं. मी बिलात ‘रूपांतर’ आणि ‘रूपांतरानंतरचं वाचन’ असं लिहायला लागले. हात बसल्यावर हे काम मी पूर्वीपेक्षा बरंच लवकर करते. म्हणून ते स्वस्त व्हावं, असं काही जणांना वाटतं. मी त्यांना सांगते की कुठे बघायचं हे कळायला जी वर्षं गेली ती तुम्हाला लागू नयेत, म्हणून तुम्ही माझ्याकडे आलात.

पैसे मिळणं हा वेगळाच विषय. “पुस्तक विकलं गेलं की देतो,” हे वाक्य ऐकलं नाही असा जुळणीवाला मला भेटलेला नाही. कागदवाला, बाइंडर यांना कोणी असं सांगत नाही. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा आमच्यासारख्यांसाठी आहे हे मला बरंच उशिरा एका सनदी लेखापालांकडून कळलं. लिखित करार असला तरी सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. २०२० च्या जुलैपासून उद्यम नोंदणी घरबसल्या होते, शुल्क नाही. टेबल, संगणक आणि एक बाई, हा सरकारदरबारी ‘सूक्ष्म उद्योग’ आहे. नोंदणीचा क्रमांक मी बिलाच्या माथ्यावर छापते. व्याज आजवर कुणाकडून घेतलं नाही. पण तो क्रमांक आल्यापासून पुस्तक विकलं जाण्याची वाट बघा असं मला कोणी म्हटलेलं नाही. माझ्या ओळखीतल्या प्रत्येक शिवणकामवालीला, भाषांतरकाराला, चित्रकाराला मी ही नोंदणी करायला लावते, कधीकधी स्वतः शेजारी बसून.

पैशात न मोजलेली एक ओळही मी मागते. १८६७ च्या मुद्रण कायद्याने पुस्तकावर मुद्रकाचं नाव छापणं सक्तीचं केलं. जुळणाऱ्याचं नाव छापायचं कारण कुणालाच नव्हतं. अण्णांनी जुळवलेली पुस्तकं आमच्या घरात रांगेने उभी आहेत, त्यांतल्या एकाही पुस्तकात त्यांचं नाव नाही. आता अनेक मराठी प्रकाशक श्रेयपानावर ‘अक्षरजुळणी’ लिहून पुढे नाव देतात. ज्यांच्याकडे तशी पद्धत नाही त्यांना मी काम घेतानाच विचारते. ‘मुद्रितशोधन’ हे वेगळं हवं, हेही सांगते.

सगळ्यांकडून पूर्ण दर घेते असं नाही. स्वखर्चाने पहिला संग्रह काढणारी कवयित्री असते, गावचं वाचनालय असतं. पूर्वी अशांना मी बिलातला आकडाच कमी लिहायची. आता पूर्ण दराने बिल करते, एकूण रक्कम लिहिते आणि खाली ‘सवलत’ म्हणून वजा करते. काम तितक्याच किमतीचं आहे. त्यातलं किती सोडायचं हे माझ्या इच्छेने ठरतं, आणि दोन्ही गोष्टी समोरच्याला दिसायला हव्यात असं मला वाटतं.

गेल्या वर्षी वाई तालुक्यातल्या एका ग्रंथालयाची शताब्दी स्मरणिका केली. जुने अहवाल, वाळवीने खाल्लेली इतिवृत्तं, देणगीदारांच्या याद्या. बिल असंच केलं, पाचही ओळी आणि खाली निम्म्याहून जास्त सवलत. ग्रंथपालांचा फोन आला. ते म्हणाले, “ताई, बिल पूर्ण रकमेचं करा. सवलतीचा आकडा आम्ही तुमच्या नावाने देणगी म्हणून जमा धरतो, म्हणजे आमच्याही वहीत खर्च खरा लागेल.” मी बिल बदलून दिलं. आठवड्याने पोस्टाने पावती आली, आणि स्मरणिकेतल्या देणगीदारांच्या यादीत एक नाव वाढवायचं म्हणून पान पुन्हा उघडावं लागलं. त्या दुरुस्तीची ओळ मी बिलात घातली नाही. माझ्या नावाआधी कोणाचं नाव येतं हे वर्णानुक्रमे तपासलं आणि फाईल छापखान्यात पाठवली.